जिप्सीचं इंजिन, एस्टीमचा क्रँक: भंगारातल्या सुट्या भागांवर बांधलेल्या एका इंजिनाची हकिगत

गाडी मारुती जिप्सी किंग, २००४ सालची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणारी). इंजिन जी-१३-बीबी: चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, १२९८ सीसी. मालक राधानगरीकडचे शेतकरी. गाडी शौकाची नव्हे, रोजच्या कामाची. कणकवलीहून येताना फोंडा घाटात रेडिएटरचा खालचा पाइप फाटला. ड्रायव्हरनं काटा लालमध्ये गेलेला पाहिला आणि थोडा वेळ थांबला. काटा खाली आला म्हणून त्याला वाटलं इंजिन निवलं, आणि गाडी पुन्हा घाटाला लागली. हा घोटाळा आम्ही अनेक गाड्यांत पाहिला आहे. पाणीच शिल्लक नसलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो. काटा खाली येतो तो इंजिन थंड झालं म्हणून नव्हे, मोजायला पाणीच उरलं नाही म्हणून. पुढं एका ओढ्याचं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं गेलं, आणि दाजीपूरच्या अलीकडं आधी टकटक आणि मग सगळं गप्प.

गाडी टोचन करून कोल्हापुरात, उद्यमनगरात आमच्याकडं आली. आमचं काम बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचं. क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल फिरतीत बदलणारा दांडा, हेड म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण. इंजिन खोलायचं आणि बांधायचं ते शेजारचे मिस्त्री करतात. त्यामुळं ही हकिगत मोजमाप करणाऱ्या माणसाच्या बाजूची आहे.

खोलल्यावर काय दिसलं

हेड ॲल्युमिनियमचं. सरळपट्टी आडवी ठेवून फीलर गेज सरकवलं तर मधोमध ०.१८ मिमीची पात आरामात जात होती. या इंजिनाला हेडच्या वाकाची मर्यादा ०.०५. नुसता वाक असता तर फेस मारून, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करून, भागलं असतं. पण तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या अरुंद पट्टीत तडा होता, आणि तो सीटच्या खाली शिरला होता. तापलेल्या ॲल्युमिनियमवर ओढ्याचं पाणी पडलं की तडा जायची पहिली जागा हीच. हेड बाद.

तिसऱ्याच सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा) मोठ्या टोकाला निळा पडलेला. तेल पातळ होऊन पडदा तुटला, बेअरिंग जागेवर फिरलं आणि क्रँकच्या पिनवर खोल चरे पडले. या क्रँकची पिन मुळात ४२ मिमीची, आणि कंपनीचं अंडरसाइझ बेअरिंग, म्हणजे घासून बारीक केलेल्या पिनसाठीचं, ०.२५ मिमीचं. चरे त्याच्याही खाली गेले होते. पिनवर धातू चढवून पुन्हा ग्राइंड करता येतं आणि करणारेही आहेत. पण मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर फिरणाऱ्या छोट्या पेट्रोल इंजिनाच्या क्रँकवर ते काम आम्ही करत नाही. तापवून चढवलेला थर पिनच्या कडेच्या गोलाईजवळ दगा देतो, आणि क्रँक तुटतो तोही तिथंच.

ब्लॉक मात्र वाचला होता. तोही ॲल्युमिनियमचा, आत बिडाच्या स्लीव्ह. वरची बैठक ०.०४ मिमी वाकलेली, म्हणजे ०.०६ च्या मर्यादेच्या आत. तिसऱ्या बोअरला पिस्टन घासल्याच्या उभ्या रेघा, बाकी तिघांत नेहमीची झीज.

म्हणजे हवं होतं एक हेड, एक क्रँक आणि कनेक्टिंग रॉड. नव्याचं अंदाजपत्रक काढलं तेव्हा मालकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "मिस्त्री, कुर्ल्यात हे सगळं मिळतं म्हणतात. अख्खं इंजिनच आणलं तर?"

अख्खं इंजिन का नको

अख्खं इंजिन आणून टाकणं सगळ्यात सोपं. आठवड्याचं काम दोन दिवसांत. पण इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, आणि तो आरसी बुकात लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला, आणि नंबर बदलला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओकडं नोंद करून घेणं आलं. त्यासाठी त्या दुसऱ्या इंजिनाचे कागद लागतात: ते कोणत्या गाडीतलं, ती गाडी रद्द झाली का, विकणाऱ्यानं बिल दिलं का. भंगारातल्या बऱ्याच इंजिनांना असे कागद नसतात. ही गाडी पंधरा वर्षं केव्हाच ओलांडून पुनर्नोंदणीवर चाललेली. दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी, आणि तपासणीत चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बघतातच. त्यात नंबर खरवडलेला ब्लॉक गळ्यात पडला तर प्रकरण आरटीओवर थांबत नाही. चोरीचा माल बाळगणं हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खालचा गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे.

मालकाचा स्वतःचा ब्लॉक चांगला असताना हे सगळं ओढवून घ्यायचं कारणच नव्हतं. ब्लॉक तोच ठेवायचा, नंबर तोच राहील, आणि आतला माल बाहेरून आणायचा असं ठरलं. हेड, क्रँक, रॉड यांवर गाडीची ओळख सांगणारा नंबर नसतो. म्हणून त्यांचं बिल नको असं मात्र नाही. बिल घ्यायचंच, आणि त्यावर माल कोणत्या गाडीतला ते लिहून घ्यायचं.

कोणत्या गाडीतून काढायचं

१९८५ च्या अखेरीस जिप्सी आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ मध्ये किंग आली ती १.३ लिटरची, कार्ब्युरेटरवाली. २००० मध्ये सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय बसलं. याच घराण्याचं इंजिन मारुतीनं एस्टीममध्येही दिलं. म्हणून जिप्सीवाले सुट्या भागांसाठी एस्टीमच्या मागं लागतात, आणि ते योग्यच आहे. मात्र दोन खाचखळगे आहेत.

पहिला: एस्टीमही दोन प्रकारची. जुनी कार्ब्युरेटरची आठ व्हॉल्व्हवाली आणि नंतरची सोळा व्हॉल्व्हवाली. भंगारबाजारात दोन्हींना "एस्टीमचं हेड" म्हणतात. हेड उलटं करून प्रत्येक सिलिंडरवर चार व्हॉल्व्ह आहेत का ते मोजायचं, विकणाऱ्याच्या बोलण्यावर जायचं नाही.

दुसरा: एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. जिप्सीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसतं आणि त्याच्या पोटाखाली पुढचा डिफरन्शियल असतो. म्हणून खालचा ऑईल चेंबर, तेल ओढणारी जाळी, मॅनिफोल्ड, माउंटिंग यांतलं काहीही एस्टीमचं घ्यायचं नाही. ते जिप्सीचंच परत लावायचं. आतला फिरता माल आणि हेडचं ओतकाम जुळतं. तरी "जुळतं" हे ऐकीव न ठेवता समोर ठेवून बघायचं, कारण उत्पादनाच्या वर्षानुसार एखादं छिद्र, एखादा आटा बदललेला असू शकतो.

एस्टीम बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. २००७ च्या सुमारास ती थांबली. भंगारात येणाऱ्या एस्टीम म्हणजे थोडक्यात शेवटची खेप. त्यातून चांगलं हेड दिवसेंदिवस दुर्मीळ होतंय आणि भावही त्याप्रमाणं.

चकचकीत हेड

आमच्याशी बोलायच्या आधीच मालकांचे एक नातेवाईक मुंबईहून एक हेड घेऊन आले होते. दिसायला देखणं. खालचा फेस आरशासारखा, बाहेरून चंदेरी रंग मारलेला, व्हॉल्व्हवर काजळीचा कण नाही. मालक खूश. मिस्त्रीही खूश.

आम्ही मात्र ते बघून जरा बिचकलो. वापरलेलं हेड इतकं स्वच्छ असतंच कसं? कुणीतरी ते धुतलं, घासलं, फेस मारला, रंगवलं. म्हणजे त्यावर खर्च केला. भंगारवाला विनाकारण खर्च करत नाही. मालकांच्या बाद झालेल्या हेडशेजारी ठेवून व्हर्नियर लावला तर उंची जवळपास ०.४ मिमी कमी. म्हणजे हे हेड एकदा नव्हे, बहुधा दोनदा घासलेलं होतं. जे हेड दोनदा घासावं लागतं ते दोनदा तापलेलं असतं. शिवाय उंची कमी म्हणजे कम्प्रेशन वाढणार आणि टायमिंग पट्ट्याचं गणितही किंचित सरकणार.

मग प्रेशर टेस्ट. पाण्याच्या सगळ्या वाटा रबर लावलेल्या पट्ट्यांनी बंद करायच्या, एका वाटेनं हवा भरायची आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचं. थंड पाण्यात केलं तर बारीक तडा उघडत नाही आणि हेड फुकट पास होतं. पाणी तापलं तशी दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या आट्यांपाशी एक बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. लाल रंगाचं पेनिट्रंट लावलं, पुसलं, वरून पांढरी पावडर मारली तेव्हा आट्यापासून सीटपर्यंत केसासारखी लाल रेघ उमटली.

याच हेडवर जर काजळी असती तर? चारपैकी एका सिलिंडरची जागा बाकीच्यांपेक्षा वेगळी, धुतल्यासारखी स्वच्छ दिसली असती. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतं त्याची काजळी वाफेनं निघून जाते. नुसत्या डोळ्यांनी दुकानातच कळलं असतं. विकणाऱ्यानं घासून तो पुरावाच पुसला होता. भंगारातला माल घेताना आमचा कल म्हणूनच नेहमी घाणीकडं असतो. काजळी, तेलाचा थर, पाण्याच्या वाटेतला गंज हे त्या भागाचं आयुष्य सांगतात. धुतलेल्या मालाची झाकली मूठ सव्वा लाखाची.

कुर्ल्यात

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गाड्यांच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. एकेका गाळ्यात एकेका जातीचा माल: कुठं नुसते गिअरबॉक्स, कुठं नुसते दरवाजे, कुठं इंजिनांची उतरंड. पुण्यातल्या जुन्या बाजारातही रविवारी आणि बुधवारी असा माल येतो, पण हेड आणि क्रँक एकाच इंजिनातले हवे असतील तर कुर्ला बरा. आणि एकाच इंजिनातले हवेच होते. कारण मग आमच्या हातात एकच कहाणी येते, दोन अर्धवट कहाण्या नाहीत.

मिस्त्री जाताना सोबत जिप्सीचं फ्लायव्हील, एक नवं हेड गॅस्केट, सरळपट्टी, फीलर गेज, मायक्रोमीटर आणि कम्प्रेशन टेस्टरऐवजी एक मोठा पाना घेऊन गेले. पाना कशाला, तर क्रँक पुलीच्या बोल्टला लावून इंजिन हातानं फिरवायला.

बाजारात विचारायचा पहिला प्रश्न भावाचा नाही. पहिला प्रश्न: गाडी का कापली? मागून ठोकलेली गाडी असेल तर तिचं इंजिन त्या दिवसापर्यंत चालत होतं. इंजिन बिघडलं म्हणून कापलेली असेल तर तुम्ही दुसऱ्याचा आजार विकत घेताय. विकणारा खरं सांगेल याची खात्री नाही, पण गाडीचं धूड तिथंच असलं तर डोळ्यांना दिसतं. इथं दिसलं. एका एस्टीमचा पुढचा अर्धा भाग, रेडिएटरसकट. मागची बाजू चेपून गेलेली कापून टाकली होती.

मग मिस्त्रींनी तपासणी सुरू केली ती अशी. तेल ओतायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवलं. पांढरट, लोण्यासारखा थर असता तर तेलात पाणी गेलेलं असतं. इथं नुसतं काळपट तेल. आत कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) पिवळसर तपकिरी रंग, म्हणजे तेल बऱ्यापैकी बदललं जायचं. रेडिएटरचं पाणी हिरवट, गंजाचं लालसर नाही. प्लग चारही काढले, चारही जवळपास सारखे भुरकट. पुलीला पाना लावून इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवलं. कुठं अडकलं नाही. तेलाचा बोल्ट उघडून तळाचं तेल बोटावर घेतलं आणि उन्हात धरलं. चमकणारे कण नाहीत. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचं तेल उन्हात चांदीसारखं चमकतं.

आणि एक गोष्ट पावसाळ्याची. मुंबईत ज्या इंजिनांची हेडं काढून ती उघड्यावर ठेवली जातात त्यांच्या बोअरला आठवड्यात गंजाचे खड्डे पडतात. हे इंजिन बंद होतं, मॅनिफोल्डपासून सायलेन्सरच्या पाइपपर्यंत जोडलेलं. त्याला किंमत द्यायला हरकत नाही.

भाव ठरताना शेठचं म्हणणं, "गॅरंटी नाही. बसवून बघा, नाही चाललं तर बदलून देतो. पैसे परत नाही." हा तिथला नेहमीचा करार. आमच्या मिस्त्रींनी त्यात एवढंच वाढवून घेतलं की हेड टाकीत नापास झालं तर बदली, आणि ते बिलावर लिहून द्यायचं. त्यानं दिलं. बिलावर गाडीचा नंबरही लिहिला, आणि आरसी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत दिली. २०२१ च्या स्क्रॅपिंग नियमांनंतर नोंदणीकृत केंद्रातून गाडी मोडीत काढण्याची पद्धत आली आहे. पण बाजारातला बराच माल अजून जुन्याच वाटेनं येतो. कागद मागितला की चांगला दुकानदार देतो. जो मागण्यावरच चिडतो त्याच्याकडून उठायचं.

इंजिन तिथंच खोलून घेतलं. जिप्सीचं फ्लायव्हील क्रँकच्या मागच्या टोकावर बसवून बोल्टची छिद्रं आणि मधली बैठक जुळते का ते पाहिलं. नवं गॅस्केट हेडवर अंथरून तेलाच्या आणि पाण्याच्या वाटा एकेक करून ताडून पाहिल्या. मायक्रोमीटर लावायच्या आधी क्रँकच्या पिनवर नख ओढलं. नख कुठं अडलं नाही.

हेड, क्रँक आणि चारही कनेक्टिंग रॉड घेतले. हवा होता एक रॉड, पण चार घेतले. एकाच इंजिनातले रॉड वजनानं एकमेकांशी जुळलेले असतात. तीन जिप्सीचे आणि एक एस्टीमचा असं केलं असतं तर वजनाच्या फरकानं इंजिन थरथरलं असतं. ब्लॉक घेतला नाही. तो त्याच्या नंबरासकट शेठकडंच राहिला.

टेबलावर

हेड आधी न धुता बघितलं. चारही जागी सारखी कोरडी तपकिरी काजळी, एकही जागा धुतल्यासारखी नाही. मग सोडा, मग ब्रश, मग टाकी. पाणी तापलं, हवा भरली, बुडबुडा नाही. वाक ०.०३. फेस न मारताही चाललं असतं; नव्या गॅस्केटसाठी अगदी हलका हात मारला. व्हॉल्व्हच्या गाइड थोड्या सैल होत्या, त्या बदलल्या. सीट पुन्हा कापून व्हॉल्व्ह लॅप केले. कॅमशाफ्ट त्याच हेडसोबत आलेला तोच ठेवला. कॅमच्या बैठका हेडसोबतच कापलेल्या असतात. एकाचं दुसऱ्यावर टाकलं तर कॅम एक तर जखडतो, नाही तर तेल गळतं आणि दाब जातो. हाच नियम ब्लॉकच्या मेन बेअरिंग कॅपना. त्यांच्यावर क्रमांक आणि पुलीकडं दाखवणारा बाण असतो. त्या ब्लॉकच्या आहेत त्याच, त्याच जागी, त्याच तोंडानं.

क्रँकचं सगळ्यात सांगण्यासारखं आहे. मेन जर्नल, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये जिथं टेकून फिरतो तो गोल भाग, ४५ मिमीची. प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी आणि दोन्ही दिशांनी मोजली, म्हणजे एकेका जर्नलची चार मापं. गोलाईतला फरक ०.०१ च्या वर गेला तर ग्राइंडिंग. मेन सगळ्या ठीक निघाल्या. पिनांपैकी दोन किंचित अंडाकार. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलला डायल लावला तर वाक ०.०२, मर्यादा ०.०६. मग तडा शोधायची मशीन: क्रँकमध्ये चुंबकत्व भरायचं आणि लोहकणांचं द्रावण सोडायचं. तडा असला की कण त्या रेघेवर गोळा होतात. एकही रेघ नाही. चारही पिना ०.२५ ला ग्राइंड केल्या. त्यात एकच काळजी: पिनच्या कडेची गोलाई तशीच्या तशी ठेवायची. घाईत चाकाची धार चौकोनी राहिली की तिथून क्रँक फुटतो, मग स्टील कितीही चांगलं असो.

मेन बेअरिंगची निवड हा भाग बहुतेक जण गाळतात. या इंजिनात क्रँकच्या पाकळीवर पाच आकडे ठोकलेले असतात, प्रत्येक १, २ किंवा ३. ब्लॉकवर तशीच अक्षरं, ए, बी, सी. आकडा सांगतो जर्नल किती मायक्रॉन लहान-मोठी, अक्षर सांगतं तिचं घर किती. दोन्ही मिळून बेअरिंगचा रंग ठरतो: हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. आकड्याच्या आणि अक्षराच्या एकेका पायरीत फरक ०.००६ मिमीचा. मूळ क्रँक आणि मूळ ब्लॉक यांची जोडी कारखान्यात जमलेली असते. आपण एका इंजिनाचा क्रँक दुसऱ्या ब्लॉकमध्ये टाकला की ती जोडी मोडली. तेव्हा "स्टँडर्ड बेअरिंगचा एक सेट द्या" म्हणून दुकानातून पाकीट उचललं तर कुठं सैल, कुठं घट्ट. आम्ही आकडे वाचले, पण आकडे नव्या मापाचे. झीज धरायची तर मायक्रोमीटरचंच ऐकायचं. पाचपैकी दोन ठिकाणी आकड्यांनी सांगितलेल्यापेक्षा एक पायरी जाड बेअरिंग लागलं. मग प्लॅस्टिगेजची (चेपून किती पसरते त्यावरून फट सांगणारी) तार ठेवून कॅप पूर्ण टॉर्कनं आवळून उघडल्या. फट सगळीकडं ०.०२५ ते ०.०३५. हवी ०.०२० ते ०.०४०.

रॉड सरळ आणि पीळविरहित आहेत का हे जिगवर पाहिलं. त्यांचे बोल्ट आणि नट नवे. जुन्या इंजिनातले रॉडचे बोल्ट आम्ही परत आवळत नाही. त्यांचं ताणलेपण आम्हाला मोजता येत नाही आणि तो बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो. जे मोजता येत नाही ते नवं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळी पॅकिंग आणि ऑईल सील, टायमिंग पट्टा आणि त्याचा टेन्शनर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, तेलाचा पंप हा सगळा माल नवाच घेतला. एस्टीमसोबत यातलं बरंच फुकट येत होतं आणि दिसायला चांगलंही होतं. मालकांच्या मते आम्ही इथं त्यांचा खिसा कापला.

ब्लॉकला चारही बोअर ०.५० ओव्हरसाइझ. म्हणजे ७४ चा ७४.५०. ०.२५ मध्ये तिसऱ्याच्या रेघा गेल्या नसत्या, आणि एकाच सिलिंडरला वेगळा साइझ टाकणं हे आमच्या लेखी काम नव्हे. पिस्टनची फट ०.०३ ठेवून होनिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीचं शेवटचं बारीक घासकाम. मग सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं: तेलाच्या वाटा. जुनं बेअरिंग फिरलं तेव्हा त्याचा चुरा ब्लॉकच्या आतल्या बारीक बोळांत शिरलेला असतो. टोकाचे प्लग काढून प्रत्येक वाटेत लांब ब्रश, रॉकेल, हवा, परत रॉकेल. शेवटी पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उमटेना तेव्हा थांबलो. हे न केल्यामुळं नव्या बांधणीचं इंजिन पहिल्या हजार किलोमीटरच्या आत पुन्हा टकटक करताना आम्ही पाहिलं आहे, आणि मग दोष भंगारातल्या क्रँकला दिला जातो.

रेडिएटरचंही बघितलं. त्याचे निम्मे पाइप बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांनी बुजलेले. फाटलेला पाइप हे निमित्त. इंजिन मुळात बरेच महिने तापत होतं. रेडिएटर नवा, पाइप नवे, आणि पाण्याऐवजी कूलंट.

चालू केल्यावर

बांधल्यावर प्लग न लावता स्टार्टरनं फिरवून तेलाचा दिवा विझेपर्यंत थांबलो, मगच प्लग आणि पेट्रोल. गरम झाल्यावर कम्प्रेशन घेतलं: १३.४, १३.६, १३.४, १३.८ किलो. या इंजिनाला १४ उत्तम, १२ किमान, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत फरक एकाच्या आत. रिंगा बसायच्या आधीच हा आकडा आला म्हणजे ठीक आहे.

पाचशे किलोमीटरवर तेल बदललं आणि फिल्टर कापून कागद उलगडला. होनिंगची बारीक भुकटी होती, बेअरिंगची चमक नव्हती. त्यानंतर गाडी फोंडा घाटात माल घेऊन चढली, काटा निम्म्याच्या खाली. मिस्त्रींनी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: चढावर काटा अचानक खाली आला तर आनंद मानायचा नाही, आधी गाडी बाजूला घ्यायची.

खर्च नव्या मालाच्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून थोडा वर गेला. त्यात कुर्ल्याचा माल जेमतेम एक तृतीयांश. बाकी मशीनचं काम आणि नवे सुटे भाग. भंगारातून इंजिन बांधलं म्हणजे फुकटात झालं अशी समजूत असलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही हे प्रमाण आधीच सांगतो.

चकचकीत हेडचे पैसे बुडाले. त्या दुकानानं बदलीही दिली नाही, कारण बिलावर काही लिहून घेतलं नव्हतं. त्यातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मोजून चांगल्या निघाल्या, त्या ठेवून घेतल्या. मालकांचं मूळ हेड, जुना क्रँक आणि हे हेड असा सगळा माल किलोवर गेला, आणि जाण्याआधी त्या हेडचा फेस आम्ही ग्राइंडरनं आडवा-उभा कापून टाकला, पुन्हा कुणी रंग मारून विकू नये म्हणून.